आंधळ्या झिंग्याचा वॉचमन

समुद्राचा मासा घरात आणायचा तर आधी आत राहणाऱ्यांना विचारून आणावा, असं कडुबा म्हणायचा. विचारायचं कसं, तर काचेपुढं स्टूल टाकून तासभर बसायचं. कोण कुणाच्या अंगावर जातं, कोण कोपरा अडवून बसतं, कोण दुसऱ्याच्या तोंडातलं ओढतं, ते बघायचं. मग मुंबईला जाऊन दुकानदाराशी बोलायचं.

"आणि त्याला आवडला म्हणून मासा घ्यायचा नाय," असं म्हणून तो माझ्या नवऱ्याकडं बोट दाखवायचा.

माझा नवरा त्रिंबक वाळूजच्या एका कंपनीत फिटर होता. आम्ही धनगर, बिडकीनच्या पलीकडच्या गावचे. सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि हे कंपनीत लागले. उस्मानपुऱ्यात आम्ही दोन खोल्या घेतल्या, लेक वेरूळला दिली आणि मी घरी ब्लाऊज शिवायला लागले. सगळं चारचौघांसारखं चाललं होतं. मग एक्क्याण्णव साली कंपनीनं ह्यांना कसल्याशा मशीनसाठी आठ दिवस मुंबईला पाठवलं. तिथं ह्यांनी मत्स्यालयात समुद्राचे मासे बघितले आणि माणूस गेला कामातून. साहेब बदलले तेव्हा ऑफिसातली चार फुटी काचेची टाकी भंगारात निघाली होती. ती ह्यांनी घरी आणली आणि मला सांगितलं, "सुगंधा, ह्यात समुद्र करायचाय."

मी म्हटलं, "करा. आधी नळाला पाणी आणा."

समुद्र आणला कडुबानं. तो त्याच कंपनीत ड्रायव्हर होता. महिन्यातून दोन खेपा मुंबईला जायचा. येताना निळ्या प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी आणायचा, तेही किनाऱ्यावरचं नाही. ओळखीच्या एका कोळ्याला सांगून होडीतून आत जाऊन भरलेलं. ते पंधरा दिवस अंधारात झाकून ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि मगच टाकीत घालायचं. खारटपणा बरोबर आहे का, ते आम्ही डेअरीत दूध तपासायच्या लॅक्टोमीटरनं बघायचो. नळी पंचवीसच्या रेघेवर तरंगली की समुद्र. ही युक्ती माझी. डेअरीवाल्याला अजून वाटतं की मी घरी म्हैस ठेवलेली आहे.

कडुबाबद्दल इथंच सांगते, कारण पुढं सांगायला जड जाईल.

तो आमच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. त्रिंबकचा आणि त्याचा जन्म एका उन्हाळ्यातला. दोघं एकाच माळावर हुंदडले, पण घराच्या उंबऱ्यापाशी वाटा वेगळ्या व्हायच्या. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, त्याला ओट्याखालून चहा द्यायच्या. त्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असायची. विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा पेटला तेव्हा आमच्या गावातली ती वस्तीही जाळली. आमच्या घरातलं त्यात कुणी नव्हतं. पण मधे उभंही कुणी राहिलं नाही. मी दाराच्या फटीतून जाळ बघितला. दार उघडलं नाही. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, म्हणजे कळण्याच्या वयाची.

कडुबाचं कुटुंब शहरात गेलं. आठ वर्षांनी कंपनीच्या गेटवर दोघं समोरासमोर आले. त्रिंबकची मान वर होईना. कडुबाच म्हणाला, "काय रे, मेंढरं इकली म्हणं? आता नटबोल्ट चारतो का?" एवढंच. त्या जाळाबद्दल ते दोघं पुढं कधी बोलले का, मला ठाऊक नाही. माझ्यासमोर नाही बोलले. सासूबाई आमच्याकडंच वारल्या, त्यानंतर आमच्या घरात वेगळी कपबशी राहिली नाही. मी त्याला घरातल्या पेल्यात चहा दिला. पहिल्यांदा दिला तेव्हा त्यानं पेला हातात फिरवून बघितला आणि प्यायला. 

तर मासे.

पहिली चूक त्रिंबकची. मुंबईच्या दुकानदारानं सांगितलेलं सगळं कडुबा गाडीतल्या डायरीत लिहून आणायचा. गरीब मासा आधी सोडायचा, तापट मागून. प्रवाळ कुरतडणारा घ्यायचाच नाही. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, त्याला त्याच्याबरोबर ठेवायचं नाही. हे ऐकूनही त्रिंबकनं पहिला आणायला लावला तो अंगठ्याएवढा, निळाजर्द मासा.

"एवढासा तर हाय. काय करणार त्यो?"

त्यानं काय केलं, तर चार फुटांची टाकी सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी स्वतःची करून घेतली. मागून आलेली जोकर माशांची केशरी जोडी त्यानं कोपऱ्यात दाबली. त्यांच्या शेपट्या कुरतडल्या. शेवटी त्याला काढायचं ठरलं. जाळीत येईना. एकेक करून सगळे दगड बाहेर काढले, अर्धं पाणी उपसलं, माझी शिलाई मशीन भिजली, तेव्हा कुठं तो सापडला. कडुबा डब्यात घालून त्याला परत मुंबईला घेऊन गेला. जाताना डब्यात डोकावून म्हणाला, "चला पाटील, बदली झाली तुमची."

त्यानंतर मासे निवडताना माझंही ऐकायला लागले. मी धनगराची लेक. नवं मेंढरू कळपात सोडायचं तर आम्ही वाडगं, म्हणजे मेंढरं कोंडायची जागा, हलवायचो. जागा नवी झाली की कुणाचाच कोपरा ठरलेला राहत नाही, सगळेच पाहुणे. मी म्हटलं, नवा मासा आणायच्या दिवशी आतले दगड इकडचे तिकडं करा. आणि त्याला चार दिवस भाजीच्या जाळीदार टोपलीत घालून टाकीतच टांगा. बाकीचे येतील, जाळीवर धडका देतील, दमतील, सवय होईल.

कडुबानं हे दुकानदाराला सांगितलं. पुढच्या खेपेला येऊन म्हणाला, "वहिनी, शेठ इचारत व्हता, बाई कुठं शिकल्या."

"काय सांगितलं मग?"

"सांगितलं, मेंढराच्या कॉलेजात."

अशी आमची टाकी लागली. जोकरांची जोडी आणि ती ज्यात लोळायची ते समुद्रफूल, बोटांसारखी शेकडो टोकं हलवत बसलेलं. मऊ प्रवाळाचे दोन गुच्छ. रात्री फिरणारा एक लाजरा लाल मासा. बस. गर्दी करायची नाही, हाही डायरीतलाच नियम.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत त्रिंबक दुसऱ्या पाळीला गेले आणि मशीनजवळच खाली बसले. हृदय बंद पडलं. पन्नासही पुरे नव्हते.

दिवस झाल्यावर सगळे गेले. घरात मी आणि पाण्याच्या पंपाची गुरगुर. टाकी देऊन टाका, असं लेक म्हणाली. मी देणारही होते. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी दारात कडुबा उभा, दोन्ही हातात कॅन.

"पानी बदलायचं आलं," तो म्हणाला. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

मग तो दर पहिल्या रविवारी येत राहिला. पाणी बदलायचा, काच पुसायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा, तासाभरानं जायचा. एकट्या बाईकडं येतो म्हणून दार सताड उघडं ठेवायला लावायचा. कधी त्याची बायको साळूबाईही यायची आणि माझ्याकडनं ब्लाऊज बेतून न्यायची. मला सख्खा भाऊ नाही. हे वाक्य मी त्याला कधी म्हटलं नाही, पण तो तास सोडून माझा महिना मोजायला दुसरं काही नव्हतं. टाकी आहे तोवर कडुबा येणार, एवढं मला पक्कं कळलं होतं. टाकी मी त्यासाठी जपत होते. मासे आपले निमित्ताला.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तो म्हणाला, "त्रिंबकच्या मनात एक जोडी व्हती. आणू का?"

ती जोडी म्हणजे एक मासा आणि एक झिंगा. झिंगा जवळपास आंधळा, पण खणण्यात पटाईत. वाळूत बीळ करतो आणि दिवसभर खडे बाहेर लोटत बसतो. मासा त्या बिळाच्या तोंडाशी उभा राहून पहारा देतो. झिंग्याची एक मिशी सतत माशाच्या शेपटीला लागलेली. माशानं शेपूट हलवली की झिंगा आत. धोका टळला की पुन्हा बाहेर. दुकानदार माशाला वॉचमन म्हणायचा, मग आम्हीही तेच.

"पर हे अवघड काम," कडुबा म्हणाला. "टाकीतल्यांचं ह्यांच्याशी जमलं पायजे, आणि ह्या दोघांचं एकमेकाशी. न्हाय जमलं तर झिंगा वाळूखाली मरतो अन् आपल्याला पत्ताबी नाय."

दोघं रविवारभर काचेपुढं बसलो. जोकर मासे झिंग्याला खातील का? नाही, ते आपल्या फुलाबाहेर जात नाहीत. लाल मासा? तो रात्रीचा, हे दिवसाचे. तोंड लहान. चालेल. पुढच्या खेपेला कडुबा दोन पिशव्या मांडीवर ठेवून आला. साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवताना मांडीवर कशा ठेवल्या, कोण जाणे. मी टोपल्या टांगल्या. पाचव्या दिवशी सोडलं. दोघं टाकीच्या दोन टोकांना. तीन दिवस एकमेकांना ठाऊकच नव्हतं. चौथ्या दिवशी मी बटणाला काज करत होते आणि काचेतून टक् असा आवाज आला, बोट मोडल्यासारखा. झिंग्याचा मोठा नांगा तसा वाजतो. बघते तर वॉचमन बिळाच्या तोंडाशी आणि त्याच्या शेपटीला ती मिशी.

मी मशीनवरच बसून रडले. मग उठून वरण लावलं.

त्यानंतर तो टक् घरात येत-जात राहिला. एकट्या घरात मला तेवढा आवाज पुष्कळ होता.

आता त्या जानेवारीचं सांगते.

नामांतराचं पुन्हा जोरात सुरू झालं होतं. मोर्चे, बंद, पोलिसांच्या गाड्या. कडुबा मोर्च्याला जायचा, रजा टाकून जायचा. आमच्या गल्लीत बोलणी बदलली होती. कालपर्यंत त्याला "ड्रायव्हरसाहेब" म्हणणारी माणसं त्याच्याकडं बघून खाकरायला लागली. दोन जानेवारीला, रविवारी, तो चार कॅन ठेवून घाईनं गेला, कसली तरी बैठक होती. म्हणाला, "आठ-पंधरा दिस झाकून ठिवा. मी न्हाय आलो तर तुम्ही बदला. आता येतंय तुम्हाला." ते खरं होतं. दोनदा मी बदललंही होतं.

तो गेला आणि शेजारची मनकर्णाबाई कट्ट्यावर येऊन टेकली. तिचे मालक तालुक्याला जमीनदार, इकडं सरकारी नोकरी. बाई वाईट नाही. माझ्या वाईट दिवसांत तिनं भाकऱ्या थापून आणल्या होत्या.

"सुगंधाबाई, त्यो लई येतो हो तुमच्याकडं. पानीबी त्योच आणतो."

"माशांना आणतो."

"तेच की. मासे पितेत म्हणून बरं. आमच्या तर घशाखाली उतरायचं नाय."

असं हसत म्हणाली. मला उत्तरं नेहमी अंथरुणात सुचतात. ती गेली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. फळीवर माझ्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा हंडा होता. देवाचं पाणी त्यात भरायचं. सणावारी अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, अशी सासूबाईंची शिस्त, ती मी पाळत आले. तो हंडा मी खाली काढला. चिंच लावून घासला, लख्ख केला, उन्हासारखा. कडुबाचा एक कॅन उचलून त्यात रिकामा केला आणि हंडा दारातल्या चौरंगावर, गल्लीतून दिसेल असा, झाकण घालून ठेवला. बघा म्हटलं. देवाच्या पाण्याच्या हंड्यात कुणाचं पाणी आहे, बघा.

मनकर्णाबाईनं बघितलं. मला फार बरं वाटलं. आठ दिवस मी त्या हंड्याकडं बघून खुशीत ब्लाऊज शिवले.

नऊ तारखेला हंड्यातलं पाणी टाकीत घातलं. मुद्दाम तेच घातलं, कॅनमधलं ठेवून.

दुसऱ्या दिवशी टक् आला नाही. म्हटलं थंडी असेल. तिसऱ्या दिवशी समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं, मग त्याचं तोंड उलटं झालं आणि अंगाचे लोळे सुटायला लागले. प्रवाळ मिटलं ते मिटलंच. बारा तारखेला झिंगा बिळाच्या बाहेर आडवा दिसला. पांढरा, वाकलेला. वॉचमन तसाच बिळाच्या तोंडाशी उभा होता, शेपूट मागं करून. मधूनच शेपूट हलवायचा. आत जाणारं कुणी नव्हतं.

मला काहीच उमगेना. पाणी तेच, मीठ तेच, नळी पंचवीसवर. कडुबाला निरोप द्यावा तर शहरात बंदोबस्त, तो कुठं असेल कोण जाणे. मी वाट बघत राहिले.

तो आला चौदा तारखेला, संक्रांतीच्या संध्याकाळी. दुपारीच रेडिओवर सांगितलं होतं, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं. लांबून ताशे ऐकू येत होते. आमच्या गल्लीतली दारं मात्र लावलेली. माझं उघडं होतं. कडुबा पांढऱ्या शर्टात, खांद्यावर निळा गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. चेहरा दहा वर्षांनी लहान झालेला.

"झालं, वहिनी," तो म्हणाला. "सोळा वर्सं लागली. झालं."

मी पेढा घेतला. तो सवयीनं स्टूल ओढून टाकीकडं वळला. त्रिंबकच्या फोटोकडं नव्हे, टाकीकडं, आणि म्हणाला, "त्रिंबक, झालं बघ..." आणि थांबला.

मग खाली वाकून वॉचमनच्या तोंडाशी आपलं तोंड नेलं.

"झिंगा कुठाय?"

"मेला. परवा."

"फूलबी गेलं. पर मासे जित्ते हायेत." तो स्वतःशीच बोलत होता. "मासे जित्ते, बाकी सगळं मेलं. वहिनी, पानी कशात ठिवलं व्हतं?"

मी काही बोलायच्या आत त्याची नजर दाराकडं गेली. हंडा चौरंगावर होता. कडेला हिरवट डाग धरलेले.

"तांबं," तो म्हणाला. "तांबं झिंग्याला जहर असतं. फुलाला, प्रवाळाला, सगळ्याला. माशाला थोडं चालतं. शेठनं पहिल्याच दिशी सांगितलं व्हतं. मी त्रिंबकला सांगितलं." मग थांबून, "त्यानं तुम्हाला न्हाय सांगितलं व्हय."

"नाही."

"आता ते वाळूत मुरलं. दगडात मुरलं. ह्या टाकीत झिंगा पुन्हा जगायचा नाय."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हंड्याकडंच बघत होता, आणि मला दिसलं की तो आता झिंग्याचा विचार करत नाहीये. खांद्यावरचा गुलाल त्यानं उगीच झटकला.

"वहिनी, माझ्या कॅनमधी काय व्हतं? कॅनमधलं चालत नव्हतं?"

आता इथं मी सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर मनकर्णाबाई काय बोलली, ते त्याच्या तोंडावर सांगावं लागणार. आज, ह्या दिवशी, पेढ्याचा घास तोंडात असताना. ते मला जमेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"प्लास्टिकला वास येत होता."

शब्द बाहेर पडला आणि मला तो आपल्याच कानांनी ऐकू आला. कडुबानं मान हलवली, एकदा, हळू. जणू एखादी जुनी ओळखीची गोष्ट पुन्हा भेटली.

"व्हय," तो म्हणाला. "वास तर येतोच."

पेढ्यांचा पुडा त्यानं स्टुलावर ठेवला. "खावा. साळूनं दिलेत," म्हणाला आणि गेला. चहा ओट्यावर उकळत होता, तो मी नंतर ओतून टाकला.

आठ दिवस मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. मग एका सकाळी उठून भावसिंगपुऱ्याकडं त्याच्या घरी गेले. साळूबाईनं पुढं होऊन हात धरून आत घेतलं, चटई टाकली, चहा केला. कडुबा ड्युटीला जायच्या तयारीत होता. मी सगळं सांगितलं. मनकर्णाबाई काय म्हणाली, माझी तिडीक, चिंच, चौरंग, सगळं. हंडा माझ्या आईचा, देवाचा, हेही सांगितलं.

तो बुटाची नाडी बांधत ऐकत होता.

"म्हंजी मनकर्णाबाईला दावायला," तो म्हणाला.

"तुमचा मान म्हणून."

"व्हय. मान." त्यानं दुसरी नाडी घेतली. "भांडण तुमचं अन् त्यांचं. पानी माझं मधी. वहिनी, राग नाय माझा. खरंच नाय. पर कॅनमधी चांगलं व्हतं ते. तिथंच ऱ्हाऊ द्यायचं. त्याला आणिक चांगलं कशाला करायचं?"

"तुम्हाला खरं वाटत नाही का?"

साळूबाई म्हणाली, "अहो, बोला की नीट. बाई एवढ्या लांबून आल्या."

"नीटच बोलतोय." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही म्हणता ते आसंल. पर मला म्हाईत नाय. अन् खरं सांगू का, तुम्हालाबी म्हाईत नसंल."

मी चहा संपवला. त्यांच्या घरातल्या कपात, अर्थात. त्यांच्या घरात वेगळा कप कधी नव्हताच.

पायी घरी येताना मी भांडत होते, त्याच्याशी, मनातल्या मनात. मला माहीत नाही कसं? हात माझे, हंडा माझा. मान म्हणूनच केलं. मग क्रांती चौकापाशी उन्हात उभी राहिले, कारण पुढचा विचार चालता चालता करता येईना. मान द्यायला मला तांबंच का आठवलं? तांबं पवित्र म्हणून. मग त्या पाण्याला पवित्र भांडं लागेल, हे माझ्या डोक्यात कुणी घातलं? पितळेची घागर होती, स्टीलचं पिंप होतं. कॅन तर होतेच, त्यांना वास आला नव्हता. हंडा घासताना मला आनंद झाला होता, तो कशाचा? मी अजून हे स्वतःला विचारते. रोज नाही विचारत. पण उत्तर एकदाही पुरतं माझ्या बाजूनं आलेलं नाही.

वॉचमन जगला होता. पण खात नव्हता. दाणे त्याच्या नाकावरून खाली जायचे. बीळ ढासळलं, तरी तो त्याच जागी उभा. जोकर मासे मेलेल्या फुलाच्या दगडाला अंग घासत फिरायचे. शेवटी मी साळूबाईच्या हाती निरोप धाडला, की वॉचमनला परत मुंबईला न्या. शेठकडं दुसरा झिंगा असेल. तांबं नसलेलं पाणी असेल. माझ्या टाकीत त्याचं कुणाशी जमायचं आता?

कडुबा आला. रविवार नव्हता, मंगळवारी भर दुपारी, कंपनीची गाडी कोपऱ्यावर उभी करून. येताना मुंबईचंच पाणी डब्यात घेऊन आला होता. माझ्याशी नीट बोलला. लेकीची चौकशी केली. दार सताड उघडं आहे ना, ते बघितलं. आम्ही दोघांनी मिळून माशाला टोपलीत घेतलं, पहिल्यांदा सोडताना घेतलं होतं तसंच, मी टोपली धरलेली आणि तो हातानं पाणी ढकलतोय. मासा फार पळाला नाही. डब्यात गेला आणि तळाशी जाऊन बसला.

"बसा. चहा ठेवते," मी म्हटलं.

"गाडी उभी हाय, वहिनी."

"मग पाणी तरी."

मी पेला भरला आणि पुढं केला. उन्हातून आलेला माणूस. ओठ कोरडे दिसत होते.

"आत्ताच पिऊन आलो," तो म्हणाला. अगदी हळू, मला लागू नये म्हणून.

मी पेला हातात धरून दारात उभी राहिले. तो डबा छातीशी धरून, हिंदकळू नये म्हणून छोटी पावलं टाकत कोपऱ्यापर्यंत गेला.

त्यानंतर पाणी येत राहिलं. दर महिन्याला दोन कॅन, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली. आणून द्यायचे सांडूदादा, त्याच कंपनीतले दुसरे ड्रायव्हर, गप्पिष्ट माणूस. कडुबाची लाईन बदलली, आता नागपूरकडं असतो, असं म्हणाले. मग पाणी कोण भरायला सांगतं, हे मी विचारलं नाही. ते मला ठाऊक होतं.

मार्चमध्ये सांडूदादा बसून चहा पिताना म्हणाले, "ते तुमचं मासं बघितलं हो दुकानात. शेठनं नवा झिंगा टाकला त्याच्यापाशी. आठ दिवस बिळाकडं गेलंच नाय म्हणं. मग एका सकाळी बघतेत तर उभं, दारात. मागं ती मिशी."

"कडुबांना सांगितलं का?"

"त्यालाच तर आधी सांगितलं शेठनं. फोन करून."

"काय म्हणाले?"

सांडूदादांनी कप ठेवला, आठवून बघितलं.

"काय नाय. हासला जरा. म्हणला, वहिनीला सांग."